त्याच्या हातचं पाणी

मूल्यशिक्षणाचा तास म्हणजे शिक्षकाचा विसावा. ना परीक्षा, ना पेपरचे गठ्ठे. आमची शाळा जालन्यातली, ख्रिस्ती संस्थेची, पण सातवीच्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटावर मोजण्याइतकी. बाकी बौद्ध, मराठा, मातंग, मुसलमान, मारवाडी, सगळ्या घरची. मी स्वतः ख्रिस्ती. आठवड्यातून एकदा बायबलमधली एक गोष्ट सांगायची आणि जोडीला हक्कांसाठी लढलेलं एखादं माणूस, असा माझा शिरस्ता.

मार्च महिना, सकाळची शाळा. नाथषष्ठी नुकतीच झालेली. त्या दिवशी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट होती. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलंय. याजक, म्हणजे देवळातला पुरोहित, बघतो नि बाजूनं निघून जातो. लेवी, देवळातला सेवेकरी, तोही तसाच. मग येतो शोमरोनी, यहूद्यांना ज्याचा विटाळ वाटे असा. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, नाथांनी बी असंच केलतं." ती आदल्याच आठवड्यात पैठणला जाऊन आलेली. गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं अस्पृश्याघरचं पोर एकनाथांनी कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवलं, ती गोष्ट तिनं माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी खूश. तास रंगला होता.

मग मार्टिन ल्यूथर किंग. पाठ्यपुस्तकी किंग म्हणजे एक स्वप्न आणि एक नोबेल. मला मुलांना अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला किंग दाखवायचा होता. १ फेब्रुवारी १९६८ ला तिथले दोन काळे सफाई कामगार पावसातून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले, आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी काम बंद केलं. गळ्यातल्या पाट्यांवर एवढंच लिहिलेलं : मी माणूस आहे. किंग त्यांच्यासाठी तिथं गेले. ३ एप्रिलच्या रात्रीच्या भाषणात त्यांनी हीच शोमरोन्याची गोष्ट सांगितली. थांबलो तर माझं काय होईल, असं याजकाच्या मनात आलं असेल. शोमरोन्यानं उलटं विचारलं, मी थांबलो नाही तर याचं काय होईल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंगना गोळी घातली.

वर्ग गप्प. मागच्या बाकावरून हात वर आला. या मुलाचे वडील घंटागाडीवर आहेत. त्यावरून त्याला चिडवतात, हे मला माहीत होतं.

"सर, त्या पडलेल्या मानसाला चाललं का?"

"काय चाललं का?"

"शोमरोन्याच्या हातचं. पानी पेला का त्यो?"

मी म्हणालो, गोष्टीत पाण्याचा उल्लेख नाही. कुणीतरी ओरडलं, "त्यो बेसुद होता रे, त्याला काय कळतंय!" सगळे हसले. तो हसला नाही. "मंग सुदीवर आल्यावर? कामून नाही सांगितलं फुडचं?" आणि बसता बसता, जणू माझ्यासाठी नाहीच असं पुटपुटला, "पप्पाला वरून ओतत्यात."

घंटा झाली. मला त्या घंटेनं वाचवलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा वर्षं ही गोष्ट सांगतोय. प्रत्येक वेळी मुलांना विचारतो, तुम्ही कोण होणार? सगळ्यांना शोमरोनी व्हायचं असतं. जखमी माणूस कोण होणार, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री बायबलमधला लूकचा दहावा अध्याय, ही गोष्ट जिथं आहे तो, पुन्हा उघडला. जखमी माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. मग योहानाचा चौथा काढला. तिथं विहिरीवर येशू स्वतःच एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते : तुम्ही यहूदी, माझ्याकडे कसं मागता? उत्तर सापडलं म्हणून मला बरं वाटलं. सकाळी वर्गात काय सांगायचं, ते मनात जुळवत झोपलो.

सकाळी घंटागाडी आली. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसांनी येतं, तेही तिकडून पैठणच्या नाथसागरातून, पाइपानं. तरीही घंटागाडीवाल्यांसाठी आमच्या फाटकाच्या आतल्या कोनाड्यात एक प्लॅस्टिकची बाटली भरून ठेवलेली असते. कोणी ठेवायला सुरुवात केली, आठवत नाही. बहुधा आईनं. उन्हाचं कुणी तहानलेलं जाऊ नये म्हणून. घरातलं कुणी तिला तोंड लावत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आमची पणजी अस्पृश्यांच्या वस्तीतूनच ख्रिस्ती झालेली.

मी आत जाऊन आमच्या पिण्याच्या तांब्यातून पेला भरून आणला, स्टीलचा, रोजचा. गाडीवरच्या माणसापुढं धरला. मुलाचे वडील नव्हते ते, दुसरंच कुणी. त्यानं पेल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सीटमागं दोरीनं बांधलेली बाटली दाखवली.

"ऱ्हाऊ द्या सर. हाय माझ्याकडं."

गाडी पुढच्या घरापाशी गेली. पेला हातात घेऊन मी फाटकात उभा, आणि शाळेला उशीर होत होता.