बाबांच्या गाडीची हवा

मे महिन्यात नागपूरला आले आणि तिसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला बाबांसोबत पेट्रोल पंपावर हवा भरायला उभी होते. समृद्धी महामार्गावरून आत्याकडे, संभाजीनगरला जायचं होतं. दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचलं. गाडी माणसं-सामानानं पूर्ण भरलेली असेल तर ३६ पीएसआय. तोच आकडा मी हवा भरणाऱ्या मुलाला सांगितला, तर बाबा लगबगीनं पुढे आले.

"अगं, काहून एवढी भरून राहिली? मे महिना आहे, उन्हात फुटून जाईल ना टायर! अठ्ठावीसच ठेव."

हा समज एकट्या बाबांचा नाही. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या गाड्यांची हवा एप्रिल लागला की कमी केली जाते, तीही काळजीपोटी. मला मात्र तेव्हा खरंच भीती वाटली. कारण ही गाडी वर्धा रोडच्या गर्दीत चाळीसनं चालणार नव्हती. समृद्धी जिथून सुरू होतो त्या शिवमडक्याहून पुढे तासन् तास शंभराच्या वर धावणार होती.

सहा वर्षांपूर्वी मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहायला गेले. तिथले सगळे रस्ते लोण्यासारखे असतील असं मलाही वाटायचं. पण घरापासून अर्ध्या तासात मला तीन तऱ्हेचे रस्ते लागतात. एसलिंगेनच्या जुन्या गावभागात शेकडो वर्षांच्या लाकडी चौकटींच्या घरांमधून दगडी फरसबंदीची गल्ली जाते. तिथे माझी गाडी दहाच्या स्पीडनं नेली तरी दात वाजतात. आई आली होती तेव्हा म्हणाली, "हे तर आपल्या नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीतून सायकलरिक्षात बसल्यासारखं वाटून राहिलं." त्याच गाडीत पंधरा मिनिटांनी आम्ही आठ नंबरच्या ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या वेगवान महामार्गावर होतो, आणि मागच्या सीटवर आई गाढ झोपली होती.

गाडी तीच, माणसंही तीच. तिकडच्या गाड्यांच्या स्प्रिंगा कडक असतात आणि टायरची बाजूची कड बुटकी असते, कारण ताशी १३० ला वळणावर गाडीनं रस्ता धरून चालायला हवं. वेगाचं बंधन नसलेल्या पट्ट्यांवर १३० हा नुसता सल्ल्याचा वेग आहे, लोक त्याहून कितीतरी जोरात जातात. त्या कडकपणाची किंमत दगडी गल्लीत मोजावी लागते. बाबांच्या गाडीचं बरोबर उलटं आहे. पोट उंच, स्प्रिंगा मऊ आणि टायर जाडजूड. काटोलकडे आमच्या आजोळी जाताना हीच गाडी मला जगातली सगळ्यात आरामशीर वाटते.

काटोलकडचा रस्ता आठवा. संत्र्याच्या बागा आणि खाली काळी माती. ही माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात पाणी पिऊन ती फुगते. वरचं डांबर दर वर्षी तिच्यासोबत वर-खाली होतं, म्हणून खड्डा नसला तरी रस्त्याला लाटा येतात आणि कडा खचतात. मऊ स्प्रिंग ही लाट अलगद पचवते. गाडीचं अंग सेकंदाला एखाद-दीड वेळा हलतं, साधारण माणसाच्या चालीच्या ठेक्यात, आणि ते शरीराला मानवतं. पण लाट गेल्यावर ते हलणं थांबवायचं काम शॉकअपचं असतं. शॉकअप निकामी झाला असेल तर गाडी झुलतच राहते. आपल्याकडे या झुलण्याला "गाडी मस्त गुदगुदीत आहे" म्हणतात, हे मला फार खटकतं. झुलताना चाक रस्त्यावर धडपणे टेकलेलं नसतं. नेमक्या त्या क्षणी ब्रेक मारावा लागला तर?

माझ्या जर्मनीतल्या गाडीच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत मागच्या एका शॉकअपमधून तेल झिरपताना सापडलं होतं. मला चालवताना काहीच जाणवलं नव्हतं, कारण झीज हळूहळू होते आणि आपलं अंग तिला सरावतं. नागपूरला आल्या आल्या मी बाबांच्या गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडून पाहिला. नीट असेल तर गाडी वर येऊन जागीच थांबते. मागचा डावा कोपरा तीनदा झुलला. बाबांचे नेहमीचे मिस्त्री म्हणाले, "चालते अजून वर्षभर." मी दोन्ही मागचे शॉकअप बदलूनच घेतले.

काँक्रीटचा मामला वेगळा. समृद्धीचा नागपूर–शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. काँक्रीटला लाटा येत नाहीत, पण लाद्यांमध्ये सांधे असतात. जर्मनीत अशी लादी साधारण ५ मीटरची असते. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे सेकंदाला सहा-सात ठोके. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या हादऱ्यांचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. रस्ता सपाट दिसतो, एकही दणका बसत नाही, तरी चार तासांनी पाठ का आंबते आणि डोळे का जड होतात, ते हे गणित केल्यावर मला उमगलं. म्हणून दर दोन तासांनी आम्ही थांबतोच.

आणि आता हवा. टायर तापतो तो नुसत्या उन्हानं नाही. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग, जेमतेम तळहाताएवढा, दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो. त्या दबण्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असली की कड जास्त वाकते, म्हणजे जास्त तापते, आणि सलग १२० च्या वेगात तिला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. आतले थर सुटायला लागतात आणि मग टायर फुटतो. पहाटे ३६ भरलेली हवा धावून तापल्यावर ४०–४१ दाखवते. ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडणं ही दुसरी चूक.

जर्मनीत याची उलटी बाजू दिसते. साधारण सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर लावायचे. थंडी पडली की हवाही आपोआप कमी होते, ती पुन्हा भरावी लागते.

पंपावर मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते गप्प राहिले, मग मुलाला म्हणाले, "भर छत्तीस."

दोन तासांनी थांबलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आई थर्मासमधला चहा ओतत होती आणि बाबा गाडीभोवती फिरत होते. माझ्या लहानपणी ताप बघायचे तसाच उलटा हात त्यांनी प्रत्येक टायरला लावून पाहिला. चौथ्या टायरपाशी थांबले. "गरम आहे. पण हात ठेवता येतो." मग मागचा कोपरा दाबला आणि सोडला. गाडी वर आली आणि जागीच थांबली. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

मी परत आल्याला आता तीन आठवडे झाले. परवा त्यांचा फोन आला. "गाडी थंड असतानाच चेक केली आज. मागच्या उजव्यात दोन कमी निघाली. पंक्चरवाल्याला दाखवतो."