गुळवेलीची ओळख पटवण्यात गेलेले अकरा महिने

जी वेल आमच्या गावातले शाळकरी पोरही लांबून ओळखते, ती गुळवेलच आहे एवढे एका कागदावर लिहून मिळवण्यासाठी मला अकरा महिने आणि चार खेपा लागल्या. प्रमाणपत्र आता हाती आहे, तरी त्या अकरा महिन्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही. औषधी वनस्पतींवर प्रयोगशाळेत काम करू पाहणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींना तोच फेरा पडू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे माहेर परभणी जिल्ह्यातले, आणि घरी कापूस. फवारणीच्या दिवसांत आण्णा संध्याकाळी शेतातून आले की त्यांचे डोळे लाल झालेले असत, मनगटांवर पुरळ उठलेली असे आणि रात्रभर खोकला चाले. औषधनिर्माणशास्त्र शिकताना कळले की क्लोरपायरीफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) काम रोखून मज्जासंस्थेला त्रास देतात, पण त्यांचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. पेशींमध्ये ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, मॅक्रोफेज या भक्षकपेशी चेतवल्या जातात, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाह वाढवणारे संदेशवाहक रेणू बाहेर पडतात, आणि जी प्रतिकारयंत्रणा शरीराच्या रक्षणासाठी असते तिचाच भार यकृतासारख्या अवयवांवर पडू लागतो. थोड्या थोड्या प्रमाणात रोज शरीरात जाणाऱ्या विषाने होणारा हा दाह गुळवेलीच्या खोडाच्या अर्काने कमी होतो का, हे विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांवर तपासायचे, असा माझा पीएच.डी.चा विषय ठरला.

गुळवेल निवडली ती घरच्या श्रद्धेपोटी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन जो अभ्यास केला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तातील न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता सुधारल्याचे दिसले होते. तो निबंध मी इतक्यांदा वाचला आहे की त्याच्या छायाप्रतीची घडी फाटली आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांच्या परवानगीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. उंदरांसारख्या लहान प्राण्यांचा प्रस्ताव संस्थेच्या स्वतःच्या प्राणी नीतिसमितीपुढे जातो. फॉर्म बी हा परवानगीचा अर्ज नीट भरला, प्रत्येक गटात किती प्राणी आणि तितकेच का याचे उत्तर तयार ठेवले, वेदना कमी करण्याची पद्धत लिहिली, तर समिती समजूतदारपणे वागते. आमच्या समितीने एकच अट घातली: ज्या वनस्पतीचा अर्क देणार तिची ओळख पटल्याचे प्रमाणपत्र आणि वनस्पतिसंग्रहातील (वाळवून जतन केलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) नमुना क्रमांक जोडा, मगच मंजुरी.

अट रास्त होती, हे मी तेव्हाही मानत होते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती का, असा प्रश्न विचारला होता. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची जवळची बहीण दिसायला तिच्यासारखी असते, मात्र तिच्या खोडावर दाट आणि उठावदार गाठी असतात. मंत्रालयाचे म्हणणे यकृततज्ज्ञांनी मान्य केले नाही, तो वाद वेगळा. माझ्या प्रयोगात मात्र उंदरांच्या यकृताचीच तपासणी होणार होती. चुकीची वेल उकळली असती तर सगळे आकडे वाया गेले असते. म्हणून माझी तक्रार काटेकोरपणाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करते.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुळवेलीचे खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात, गोळा करावे असे म्हटले आहे. त्याप्रमाणे मे महिन्यात बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली वेल आण्णांनी कोयत्याने तोडून दिली. अंगठ्याएवढे जाड खोड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, आणि वरची पातळ करडी साल नखाने ओढली की खालून हिरवा थर निघतो. पाच किलो ओले खोड तुकडे करून सावलीत वाळवले आणि त्यातले काही तुकडे कागदात गुंडाळून जूनच्या पहिल्या आठवड्यात, वनस्पतींची ओळख पटवून प्रमाणपत्र देणाऱ्या एका कार्यालयात गेले. त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही. आमच्या गावाहून तिथे जायला एसटीने सहा तास लागतात, एवढे पुरे.

खिडकीवरच्या गृहस्थांनी पुडके उघडले, तुकडे पाहिले आणि म्हणाले, "यात पान नाही. पानाशिवाय नमुना घेता येत नाही."

मे महिन्यात गुळवेलीची पाने झडलेली असतात. जे खोड औषधासाठी उत्तम, ते ओळखीसाठी अपुरे, ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. मी विचारले, "पाने आणते साहेब, पण त्याबरोबर आणखी काय लागेल?" ते म्हणाले, "ते नमुना आल्यावर बघू." पुढच्या दहा महिन्यांचे सगळे दुखणे या एका वाक्यात आहे.

पाऊस पडल्यावर वेल पानांनी भरली. हृदयाच्या आकाराची, गुळगुळीत, लांब देठांची पाने. मी दोन हातभर फांदी वर्तमानपत्रात घालून, वर विटा ठेवून दाबली. आठ दिवसांनी उघडून पाहिले तर पाने काळी पडून गळाली होती आणि खोडाच्या पेरातून बोटभर लांबीचा फिकट पिवळा कोंब निघाला होता. गुळवेलीला संस्कृतात छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी वाढणारी. शब्द माहीत होता, पण त्याचा अर्थ त्या दोन कागदांच्या मध्ये पाहिला. म्हणून हे लक्षात ठेवा: रसाळ खोडाची वनस्पती दाबण्याआधी उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवून काढावी, जाड खोड उभे चिरून अर्धेच घ्यावे, आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. दुसरा नमुना अशा रीतीने तयार केला, जाड पांढऱ्या कार्डशीटवर शिवला, खाली लेबल लावले आणि ऑगस्टअखेरीस पुन्हा गेले.

या वेळी उत्तर मिळाले, "फूल किंवा फळ हवे."

हे जूनमध्ये सांगता आले नसते का? गुळवेलीला फुले येतात उन्हाळ्यात, पाने नसताना, आणि फळे पिकतात हिवाळ्यात. जूनमध्येच हे कळले असते, तर निदान कोणत्या महिन्यात काय गोळा करायचे याचे वेळापत्रक मी त्याच दिवशी आखले असते. शिष्यवृत्तीचे महिने सरत होते, नीतिसमितीची एक बैठक हुकली होती, आणि वाळवलेले खोड डब्यात पडून होते. मी त्या दिवशी खिडकीपाशी रडले नाही, पण बसस्थानकावर येईपर्यंत कोणाशी बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

डिसेंबरमध्ये आमच्या वेलीवर एकही फळ नव्हते. शेजारच्या शेतातील लिंबावर मात्र मटाराएवढ्या लालभडक फळांचे घोस लटकत होते. ते तोडले, दाबले आणि जानेवारीत तिसरी खेप केली. या वेळी लेबल वाचून तो नमुना परत आला. ज्या वेलीचे औषध, त्याच वेलीचा नमुना पाहिजे. या नमुन्यावरचा शेताचा गट क्रमांक वेगळा आहे. त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते, हे मी नाकारत नाही. परंतु आमच्या वेलीला फळ का आले नाही हा प्रश्न त्या खिडकीवर कोणी विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही.

तो सुचला अंबाजोगाईला राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या एका सरांना. मार्चअखेरीस आमच्या उघड्या वेलीवर बारीक हिरवट पिवळ्या फुलांचे झुबके आले तेव्हा ते ओल्या रुमालात गुंडाळून मी त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी एक फूल सुईने उकलले, भिंगाखाली धरले आणि मलाही पाहायला लावले. सहा पुंकेसर स्पष्ट दिसत होते आणि मध्ये बीजकोशाचा पत्ता नव्हता. "अगं, ही नर वेल आहे," सर म्हणाले. "गुळवेलीत नर वेगळी, मादी वेगळी. हिला जन्मात फळ येणार नाही." मग त्यांनी डॉ. वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा १९९८ चा ग्रंथ काढला आणि वर्णनाची एकेक ओळ माझ्या नमुन्याशी ताडून पाहिली. त्या दुपारी मला जेवढे वनस्पतिशास्त्र समजले, तेवढे पदवीच्या वर्षांतही समजले नव्हते.

सरांच्या सल्ल्याने चौथ्या खेपेला मी तीन कागद नेले: ऑगस्टमधील पानांचा आणि मार्चमधील नर फुलांचा, दोन्ही एकाच वेलीचे, एकच संग्रह क्रमांक पण वेगवेगळ्या तारखा, आणि शेजारच्या मादी वेलीचा फळांचा, स्वतंत्र क्रमांकाचा, केवळ तुलनेसाठी. सोबत खोडाच्या आडव्या छेदाचे सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्र आणि ही जाती विभक्तलिंगी असल्याने या वेलीला फळ अपेक्षित नाही असे निवेदन जोडले. खिडकीवर पुन्हा "फळ नाही" हे शब्द आले, तेव्हा मी निवेदन पुढे केले आणि शास्त्रज्ञांना भेटू देण्याची लेखी विनंती दिली. दोन तासांनी आत बोलावणे आले. त्या शास्त्रज्ञ मॅडमनी तिन्ही कागद खिडकीजवळच्या उजेडात नेले, पानाची मागची बाजू बोटाने चाचपली, फुले पाहिली, आणि दहा मिनिटांत सही केली. "तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे का आला नाहीत?" असे त्यांनी आपुलकीने विचारले. मला तेव्हा काही बोलता आले नाही.

म्हणून पहिल्याच खेपेला, प्रत्यक्ष ओळख पटवणाऱ्या शास्त्रज्ञाची भेट लेखी मागा आणि त्रुटी एकदम लिहून द्या असा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. मी नंतर त्या कार्यालयाला पत्र लिहून, लागणाऱ्या गोष्टींची एक पानी यादी खिडकीबाहेर लावावी, अशी विनंती केली आहे.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. ज्या वेलीवर काम करायचे ती वर्षभर आधी हेरून तिच्यावर न गंजणारी पट्टी क्रमांकासह बांधा आणि मोबाइलवरून तिचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. आमच्या बांधावर एकाच लिंबावर दोन वेली गुंतलेल्या निघाल्या असत्या, तर माझे तिन्ही कागद निरुपयोगी ठरले असते.

प्रमाणपत्र मिळेपर्यंत एप्रिल संपत आला होता. डब्यातल्या खोडाला वर्ष होत आले होते आणि कडांना बुरशीचा वास येत होता. ते सगळे मी टाकून दिले. मे महिन्यात आण्णांनी पुन्हा त्याच वेलीवर कोयता चालवला. या वेळी वाळवलेल्या खोडातले अर्धा किलो हवाबंद डब्यात सीलबंद करून त्यावर नमुना क्रमांक लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढे कोणी शंका काढली तर तोच माल दाखवता येईल. जूनच्या बैठकीत नीतिसमितीने प्रस्ताव मंजूर केला. उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातून आले आहेत, प्राणिगृहात त्यांना नव्या जागेची सवय होत आहे, आणि येत्या सोमवारी पहिल्या गटाला अर्काची पहिली मात्रा द्यायची आहे.