लाइट गेली, पण कव्हरचं काय?

एअरबॅगची लाइट लागली म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा काही कथा नसते. सीटखालचा पिवळा कनेक्टर कुणीतरी पायाने हलवलेला असतो, नाहीतर स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी गुंडाळलेली वायरची पट्टी, तुटलेली असते. स्कॅनर लावायचा, फॉल्टचा कोड बघायचा, दुरुस्त करायचं, फॉल्ट क्लिअर म्हणजे पुसून टाकायचा. ही केस पण तशीच निघाली असती, पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

गाडी एका रिटायर्ड काकांची. जॉब कार्डवर एकच ओळ, "एअरबॅग लाइट ऑन". आत बसलो आणि आधी स्टिअरिंगकडेच बघत राहिलो. या मॉडेलच्या स्पोकवरच्या चंदेरी ट्रिमचा रंग अंगठा टेकतो तिथे हमखास उडतो, खाली काळं प्लास्टिक दिसायला लागतं. इथे ट्रिम नवीकोरी, मंद राखाडी मॅट, कुठे ओघळ नाही की कण नाही. मी विचारलं, "काका, ट्रिम नवीन टाकली का?" तर म्हणाले, "घरी केलीये रे, बघ कशी झालीये."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खरंच गार पडलो, कारण इतकं नीट आमच्याकडे पण होत नाही. आधी भांड्याच्या साबणाने धुतलं, का तर डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन प्लास्टिकवर राहिलं की रंग तिथे टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. थिनरला हात लावला नाही, कारण ट्रिम एबीएस नावाच्या प्लास्टिकची आणि कडक थिनर एबीएस खातो. ४०० नंबरच्या पेपरने जुना रंग काढला, ६००ने ओल्यात घासून ओरखडे घालवले, प्लास्टिक प्रायमर, त्यावर ८००, मग रंगाचे पातळ पातळ हात, दोन हातांच्या मध्ये थांबून. क्लिपची भोकं आणि बटणांच्या खाचा टेपने झाकलेल्या, कारण तिथे रंगाचा थर चढला की बटण दाबल्यावर वर येत नाही. बटणांना तर त्यांनी हातच लावला नाही, त्यावरची अक्षरं आतून उजळतात, रंग मारला की रात्री काळोख. वर हार्डनरवाला मॅट क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ग्लॉस मुद्दाम टाळला कारण उन्हात तो थेट डोळ्यात चमकतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर घातक, म्हणून व्यवस्थित मास्क घालून मोकळ्यात फवारलं. आमचा पेंटर तोच क्लिअर तोंडाला रुमाल बांधून मारतो. त्याला बोलावून ट्रिम दाखवली तर बराच वेळ तिरकी मान करून बघितलं आणि म्हणाला, "कोपऱ्यात किंचित ऑरेंज पील आहे." म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. काही नव्हतं, जळफळाट होता नुसता.

एअरबॅग काढताना पण काकांनी मॅन्युअल वाचलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, लिहिलेला वेळ थांबले, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावर पण थोडा वेळ चार्ज राहतो. स्टिअरिंगच्या मागच्या भोकातून पेचकस घालून स्प्रिंग क्लिप दाबल्या, मॉड्यूल, म्हणजे मधलं कव्हर आणि त्यामागची बॅग मिळून एकच भाग, बाहेर काढलं, कव्हर वरच्या बाजूला ठेवून टेबलावर ठेवलं. पालथं ठेवलं आणि चुकून उडालं तर अख्खं मॉड्यूलच हवेत जातं. गडबड पुढे झाली. रंग वाळेपर्यंत गाडी जरा बाजूला घ्यायची होती म्हणून बॅटरी जोडली आणि चावी फिरवली, एअरबॅग टेबलावरच. युनिट चावी ऑन झाल्यावर प्रत्येक बॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स बघतं, साधारण दोनेक ओहम, तो सापडला नाही, लाइट लागली. नंतर सगळं जोडलं तरी या गाडीत ती आपोआप जात नाही.

स्कॅनरवर तेच आलं, ड्रायव्हर एअरबॅग सर्किट ओपन, जुना फॉल्ट, आत्ता सगळं ठीक. फॉल्ट क्लिअरचं बटण दाबलं की काम संपलं. पण कनेक्टर नीट बसलाय का ते बघायला मॉड्यूल काढायचं होतं, आणि त्या वेळी अंगठा मधल्या कव्हरवर टेकला तर ते दबलंच नाही. नखाने वाजवलं, टक्क. हे कव्हर रबरासारखं मऊ असतं, असा आवाज येतच नाही.

"काका, कव्हरला पण काही केलंय का?"

एकदम खुलले. "अरे अंगठीचे ओरखडे होते त्यावर! पुट्टी भरली, घासली, हेअर ड्रायरने वाळवली, मग तोच क्लिअर. कळत पण नाही ना?"

नव्हतं कळत, खरंच. त्यांचं सगळ्यात भारी काम तेच होतं.

त्या कव्हरच्या आतल्या बाजूला मुद्दाम पातळ ठेवलेल्या रेषा असतात, समोरून दिसत नाहीत. बॅग फुगली की कव्हर त्या रेषांवर फाटतं आणि पाकळ्या बाजूला होतात. हे सगळं ३० मिलिसेकंदांच्या आसपास, पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आता त्या रेषांवर पुट्टी आणि कडक क्लिअरचा थर. तो मऊपणे फाटणार नाही, फुटणार, आणि तुकडे जाणार समोर बसलेल्याच्या तोंडावर. शिवाय मॉड्यूलच्या मागच्या लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं की उष्णतेपासून लांब ठेवा, आणि इथे ड्रायर! काका म्हणाले, असं कधी झालंय का कुणाला? २०२४मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने स्टिअरिंगच्या लोगोवर चिकटवायच्या खड्यांच्या पट्ट्यांबद्दल इशारा दिला होता, बॅग उघडताना तशी पट्टी उडून एका ड्रायव्हरचा डोळा गेला होता. तो इशारा मोबाईलवर काढून दाखवला. मग गप्प झाले. "म्हणजे खरवडून काढू का?" म्हटलं अजिबात नको, पेंट रिमूव्हर ते मऊ प्लास्टिकच खराब करेल आणि घासत बसलात तर कव्हर कुठे किती पातळ झालं ते बाहेरून कळणारच नाही. मॉड्यूल बदलायचं, आणि या गाडीला नुसतं कव्हर वेगळं मिळत नाही.

सुपरवायझरचं म्हणणं एकच, कार्डवर लाइट लिहिलंय, लाइट घालव, बाकी आपण बघितलं नाही. आमच्याकडे "बघितलं नाही" ही एक सर्व्हिसच आहे, फक्त बिलात लावत नाहीत.

माझी अडचण वेगळी होती. फॉल्ट तसाच ठेवला तर धडकेच्या वेळी बॅग उघडेलच याची खात्री नाही, आणि बेल्ट ओढून धरणारे प्रीटेन्शनर पण त्याच युनिटवर. क्लिअर केला तर बॅग उघडेल, पण आधी काय उडून येईल ते सांगता येत नाही. आणि स्कॅनरला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दोन ओहम मिळाले की तो खूश, वर पुट्टी आहे का सिमेंट, त्याला काय फरक पडतो.

शेवटी क्लिअर केला. प्रीटेन्शनर तरी नक्की चालू राहतील असा हिशोब केला, बरोबर केला का अजून ठरत नाहीये. कार्डवर मोठ्या अक्षरात लिहिलं, कव्हरवर पुट्टी व क्लिअर, मॉड्यूल बदलणे आवश्यक, तोपर्यंत गाडी वापरू नये, आणि काकांची सही घेतली. सुपरवायझर चिडला, म्हणे उद्या काही झालं तर हाच कागद आपल्यावर येईल. मला तर वाटलं हाच कागद आपल्याला वाचवेल, पण त्याच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. काका गाडी घेऊन गेले, सावकाश चालवत.

नंतर त्यांचा फोन आला. मॉड्यूल ऑर्डर केलंय, बसवायला तुझ्याकडेच येतो म्हणाले. मी अगदी मोकळा झालो. तेवढ्यात, "बरं ऐक, नवीन कव्हरचा काळा रंग जरा चमकतो असं वाटतंय, पुट्टी नाही, नुसता मॅटचा एक पातळ हात मारला तर?"

मी म्हटलं काका, ट्रिम हव्या तेवढ्या रंगवा, आमच्या पेंटरला पण शिकवा. कव्हर रंगवून आणलंत तर मी बसवणार नाही.