गाडीला नाव का पडतं?

आज दिवसभर जुन्या कार्ब्युरेटरच्या (म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेल्या) गाड्या हाताळताना हेच डोक्यात होतं. नाव सहसा पडतं ते त्रास देणाऱ्या गाडीला. गार असताना चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी, ओढल्याशिवाय ती सुरू होत नाही; गरम झाल्यावर तोच चोक ओढला तर पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले होतात. तापलेलं इंजिन बंद करून लगेच स्टार्टर मारावा, तर पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंपाला ती खेचता येत नाही. थोडा वेळ बॉनेट उघडं ठेवलं की तीच गाडी मुकाट सुरू! कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मालक म्हणतो, ‘रुसली होती.’ मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हेच मांडलं होतं: ज्या वस्तूच्या वागण्याचा अंदाज बांधायची गरज असते, तिच्यात आपण मन पाहतो.

गाडी ‘ती’ की ‘तो’, हे मात्र बरेचदा तिच्या तोंडावरून ठरतं. रुंद, बसकी गाडी आणि चिंचोळे हेडलाइट लोकांना पुरुषी वाटतात; मोठे गोल दिवे लहान मुलासारखे.

नाव पडलेली गाडी विकताना हात अडखळतो. मला ते फार आवडतं, कारण अशा गाडीचा आवाज जरा बदलला तरी मालकाच्या कानाला लगेच कळतं.