लॉ सीईटी ते अ‍ॅडमिशन: पेपर सोपा, दाखला महाग

लॉ सीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला जागा मिळाली, फी भरली. आता राग थंड व्हायच्या आत हे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वर्षीच्यांचे पैसे तरी वाचतील. ग्रॅज्युएशन झालंय, टक्के नियमात बसतात (खुल्या वर्गाला ४५) आणि गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने वाचता येतं, असं धरून चालते. वयाची अट नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या पुढच्या कॉम्प्युटरवर रिटायर झालेले एक काका होते आणि आमच्या सगळ्यांपेक्षा तेच निवांत दिसत होते.

पेपरचं आधी उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. १२० प्रश्न, १२० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजीलाच ४० मार्क, जीके आणि चालू घडामोडींना ३२, लीगल आणि लॉजिकलला प्रत्येकी २४. क्लासवाले मात्र सगळा वेळ लॅटिन मॅक्झिम (कायद्याची लॅटिन सूत्रं) घोकून घेण्यात घालवतात. माझं स्पष्ट मत: क्लास लावू नका. रोज वर्तमानपत्र वाचा, कॉम्प्युटरवर वेळ लावून मॉक टेस्ट सोडवा. राज्यघटनेतली मुख्य कलमं (१४, १९, २१, ३२, २२६) आणि १९७३चा केशवानंद भारती खटला (घटनेची मूळ चौकट संसदेलाही बदलता येत नाही, हा निकाल) नीट करा. फोर्टच्या फुटपाथवरची जुनी गाईडं स्वस्तात मिळतात, पण घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालंय आणि आपल्या तोंडात बसलेलं ४२० गेलं ३१८ मध्ये. त्या गाईडांना यातलं काहीच माहीत नसतं.

आता खरा घाट. क्लासच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या होत्या, "रिझल्ट लागला की कॉलेजचाच मेसेज येतो, कागदपत्रं नंतर बघू." साफ खोटं! सीईटी दिली म्हणजे फक्त पर्सेंटाइल मिळतो. कॅपसाठी (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी) वेगळं रजिस्ट्रेशन, त्याची वेगळी फी, मग कागद अपलोड करून त्यांची तपासणी, आणि त्यानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम. कागद तिथे अडला की पर्सेंटाइल कितीही असो, राखीव जागेचा दावा जातो आणि तुम्ही खुल्या वर्गात.

मी ओबीसी. जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटीही (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) होती. नॉन-क्रिमीलेअर (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) जुनं होतं, आणि ते ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्यातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. उपनगरातल्या एका कार्यालयात गेले. फाटकातच एक जण फाईल काखेत मारून उभा. "मॅडम, नॉन-क्रिमी? अडीच हजार, आठवड्यात हातात." आत सेतूच्या (सरकारी दाखल्यांच्या सुविधा केंद्राच्या) खिडकीवर दरपत्रक चिकटवलेलं, पण त्याच्यावर बरोब्बर रकमेच्या जागी पंख्याचा स्विचबोर्ड बसवलेला. सरकारी फी शंभर रुपयांच्याही आत आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, तोच करा.

माझा अर्ज त्रुटी काढून परत आला: 'उत्पन्नाचा पुरावा अस्पष्ट'. स्कॅन स्वच्छ होता. पुन्हा टाकला, पुन्हा तीच त्रुटी. खिडकीवर विचारलं तर कारकून मान वर न करता म्हणाले, "साहेब मीटिंगला गेलेत." आणि बाहेरच्या माणसाला मात्र माझा अर्ज कुठल्या टेबलवर आहे हे तोंडपाठ! त्याला एक रुपया देऊ नका. सेवा हमी कायदा २०१५ पासून आहे, प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली की प्रथम अपील टाका. मी टाकलं, आणि दाखला कुठलीही नवीन त्रुटी न निघता सही होऊन आला. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद एकाच पीडीएफमध्ये, सरळ, काळ्या कडा कापून लावा. आणि हे सगळं जानेवारीत. निकालानंतर गेलात तर अख्खी मुंबई त्याच खिडकीवर असते. ज्यांची व्हॅलिडिटीच बाकी आहे त्यांनी तर आजच अर्ज करावा. वडिलांकडच्या नात्यात कुणाची झालेली असेल तर त्याची प्रत मिळवा, काम सोपं होतं.

परीक्षेच्या दिवशी दुसरी लूट. सेंटर शहराच्या टोकाला, स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणतो दोनशे. मीटर २६ रुपयांपासून सुरू होतं. हॉल तिकीट हातात दिसलं की भाव चढतो, तेव्हा ते बॅगेत ठेवा आणि तिथल्याच तीन पोरांना गाठून शेअर करा. ओळखपत्र मूळच लागतं, मोबाईलमधला फोटो दाखवून काही होत नाही.

कॉलेजं बघत चर्चगेट, माटुंगा, वांद्रे, पार्ले फिरले, ते दिवस मजेत गेले, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५चं, पहिल्या नंबरला सगळे तेच टाकतात. टाका, काही बिघडत नाही. पण नोकरी सांभाळून शिकणार असाल तर लेक्चरच्या वेळा कॉलेजात जाऊन विचारा. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते आणि 'अटेंडन्सचं बघू' म्हणणारा सीनियर परीक्षेच्या वेळी फोन उचलत नाही. पसंतीक्रमात वर तेच टाका जिथे खरोखर जायचंय. पहिल्या पसंतीचं मिळालं की जागा फ्रीज होते, मग पुढच्या फेरीत बदल नाही.

मिळालेल्या कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख पाळा. आदल्या दिवशीच जा, शेवटच्या दिवशी रांग जिना उतरून गेटपर्यंत येते. मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, स्वतःचं पेन आणि स्टेपलर न्या. कॉलेजच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला त्या दिवशी पानाला पाच रुपये घेतो.