राहायचे म्हणजे?

दादरमध्ये कुठल्याही जुन्या इमारतीखाली दोन मिनिटं उभं राहावं. कुणीतरी गॅलरीकडे बोट करून सांगतंच, ‘इथं ते राहायचे बरं का.’ ‘ते’ कोण, हे गल्लीगणिक बदलतं, बोट मात्र तेच. अशा वेळी नावाला भुलू नये, आधी क्रियापद तपासावं. ‘राहणे’ हे मराठीतलं फार सोशिक क्रियापद आहे. त्यात चार दिवसांचा मुक्काम मावतो, भाड्याची खोली मावते, मालकीचं घर मावतं, आणि दर रविवारी जेवायला येणारा भाचाही मावतो. टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला तिथंच वारले. म्हणून त्यांचं घर तिथं होतं असं कुणी म्हणत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत आपण इतके काटेकोर नसतो.

दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे. फाळके इथं खरोखरच राहत होते, मथुरा भवनात. पण किती काळ? दोन वर्षंसुद्धा नाही. गिरगावातून ते इकडे आले, ‘राजा हरिश्चंद्र’ केला, ३ मे १९१३ ला तो कोरोनेशन थिएटरात लागला आणि त्याच वर्षी बिऱ्हाड-कारखान्यासह फाळके नाशिकला गेले. एवढ्या थोड्या मुक्कामात घराचं घरपण मात्र पार गेलं होतं. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात, हातयंत्रानं, सारख्या अंतरावर पाडावी लागत. अंतर चुकलं तर कॅमेऱ्यातले दात फिल्मला नीट धरत नाहीत आणि पडद्यावर चित्र उड्या मारतं. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, मंडळींचा स्वयंपाक आवरल्यावर. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर दोन नावं हवीत, असं आमचं मत.

रस्त्याचं नाव हा पुरावा नव्हे, हेही इथंच सांगितलेलं बरं. दादर पश्चिमेला गोखले रोड आहे, न. चिं. केळकर मार्ग आहे, आणि दोघांचीही बिऱ्हाडं पुण्यात.

मग पुरावा कसला? सगळ्यांत भरवशाचं म्हणजे पत्र. जुनी मंडळी उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख घातल्याशिवाय मजकुराला हात घालत नसत. तो कोपरा आधी वाचावा. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामुळे १९६५ च्या पत्रावर ‘४०००२८’ दिसलं तर पत्र खाली ठेवावं. तसंच शिवाजी पार्कचं. मैदान झालं १९२५ साली, तेव्हा ते माहीम पार्क होतं. शिवाजी पार्क हे नाव १९२७ चं. त्याआधीच्या कागदावर ‘शिवाजी पार्क’ असेल तर तारीख नंतर कुणीतरी आठवून घातलेली असते.

भाडेपावतीचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती लबाड. खोली आजोबांच्या नावावर, राहतो नातू आणि पावती तीस वर्षं आजोबांच्याच नावानं फाटते. पागडीच्या घरांत तर हे नेहमीचंच. मतदारयादीचं उलटं. स्वातंत्र्यापूर्वी मताचा हक्क सरसकट नव्हता, म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस तिथं नव्हता असा होत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर उत्तम, फक्त नाव कसं शोधायचं ते कळलं पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. ‘भीमराव’ शोधणारा रिकाम्या हातानं परत येईल.

बाबासाहेबांचे मुंबईतले पत्ते ओळीनं लावले की हे सगळं एकाच माणसात दिसतं. आधी लोअर परळची डबक चाळ. खोली एकच, त्यामुळे मुलगा लवकर निजे, वडील जागे राहत, रात्री दोनला त्याला उठवत आणि मग त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुढं परळची बी. आय. टी. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१. न्यूयॉर्क-लंडनच्या वाऱ्या झाल्या, त्या काळातही घरच्यांचा पत्ता हाच. मग हिंदू कॉलनीतलं राजगृह, पुस्तकं ठेवता यावीत म्हणून मुद्दाम बांधलेलं. जगाला तेवढंच माहीत असतं, कारण ते घर आहे. चाळीत मात्र वीस वर्षं निघाली.

चाळ पडली की खोली क्रमांक जातो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या इमारतींच्या ‘अ’ वर्गात येतात आणि जुन्या दादरमध्ये अशा पुष्कळ आहेत. पुनर्विकासात टॉवर उभा राहतो, जमिनीचा सी. एस. नंबर, म्हणजे भूमापन क्रमांक, बहुधा टिकतो, पण दुसरा मजला आता पार्किंगचा असतो. लंडनमध्ये निळ्या गोल पाटीचा नियम साधा आहे: माणूस जाऊन वीस वर्षं झालेली हवीत आणि मूळ इमारत उभी हवी. तिथल्या हाउली प्लेसमधल्या दहा क्रमांकाच्या घरावर टिळकांची पाटी आहे, १९१८-१९ अशा सालांसकट. आपल्याकडे पाटीवर विशेषणं चार असतात, साल एकही नसतं.

सगळ्यांत गोड भांडण सचिन तेंडुलकरचं. वाढला वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात, ‘उषःकाल’मध्ये. शेजारच्या इमारती ‘झपूर्झा’, ‘शाकुंतल’. पोस्टमनला वाङ्मयाचा थोडा अभ्यास असलेला बरा. पण शाळा दादरची शारदाश्रम, आचरेकर सरांची नेट्स शिवाजी पार्कात आणि रोज बसनं येण्याजाण्यात जीव जायचा, म्हणून तो पार्काजवळ काका-काकूंकडे राहू लागला. तेव्हा ‘राहायचा’ म्हणण्याचा हक्क दोन्हीकडच्यांना आहे. त्याचे वडील, कवी रमेश तेंडुलकर, यांच्यावरही दादरकर हक्क सांगतात. तिथं मात्र क्रियापद बदलावं लागेल: कीर्ती कॉलेजात ते शिकवायचे.