ओट्यावर सांडलेला रवा

आठवडाभर एका बाजूला ओढ लागल्यासारखं दुखत होतं, म्हणून आज नौपाड्यात सोनोग्राफी केली. हो, वृषणांचीच. थंडगार जेल, मांडीवर टॉवेल आणि छताकडे बघत पडलेला मी. स्क्रीनवर करड्या गोळ्यात पांढरे ठिपके, ओट्यावर रवा सांडावा तसे. रिपोर्टात 'टेस्टिक्युलर मायक्रोलिथियासिस', म्हणजे वृषणातले बारीक कण. गोखले रोडवर रिक्षातच गूगल केलं, पहिल्याच ओळीत कॅन्सर. घाम फुटला.

संध्याकाळी यूरॉलॉजिस्टनी आधी विचारलं, "लहानपणी गोटी खाली पिशवीत उतरली नव्हती, असं काही?" मला काय माहीत! तिथूनच आईला फोन. ती बाजारात. "नाही रे, सगळं जागेवर होतं!" एवढ्या मोठ्याने, की भाजीवालीलाही कळलं असणार.

घरात कुणाला हा कॅन्सर? नाही. एखादी बाजू आक्रसलेली? नाही. मग म्हणाले, हे कॅल्शियमचे बारीक कण. वृषणाच्या कॅन्सरवाल्यांत जास्त दिसतात हे खरं, पण नुसते कण म्हणजे कॅन्सर नव्हे. २०१५ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यांनी विचारला तसा दुसरा धोका नसेल तर पुन्हा सोनोग्राफीही नको. धोका असलेल्यांनी मात्र ५५ वर्षांपर्यंत दरवर्षी करायची. माझं दुखणं या कणांचं नव्हेच, जिममधला ताण.

मला फक्त महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, चाचपून बघायचंय. गाठ लागली, मग ती दुखत नसली तरी, लगेच जायचं.

बायकोने कॅलेंडरवर १ तारखेला, दुधाच्या हिशोबाशेजारी, नुसतं 'तपासणी' लिहून ठेवलंय.